लाखेत कोरलेले सूर

रांचीजवळ नामकुम येथे 1924 मध्ये स्थापन झालेल्या लाख संशोधन संस्थेने 20 सप्टेंबर 2024 रोजी शंभर वर्षे पूर्ण केली. समारंभाला राष्ट्रपती उपस्थित होत्या. नावे बदलत बदलत ही संस्था आज ‘राष्ट्रीय दुय्यम कृषी संस्था’ झाली आहे. नव्या नावात लाख उरलेली नाही, आणि ज्या वस्तूमुळे ही लाख जगभरच्या दिवाणखान्यांत पोहोचली तिची आठवणही फारशी उरलेली नाही. ती वस्तू म्हणजे ग्रामोफोनची तबकडी.

हल्ली तरुणांमध्ये व्हिनाइलची आवड पुन्हा वाढली आहे. माझ्याही घरी एक टर्नटेबल आहे. व्हिनाइलचा आवाज ‘नैसर्गिक’ असतो, असे शौकीन सांगतात. व्हिनाइल म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइडवर आधारलेले, कारखान्यात तयार होणारे प्लास्टिक. खरोखर नैसर्गिक तबकडी त्याआधीची. ती एका कीटकाच्या स्रावातून घडत असे.

केरिया लाक्का हा सूक्ष्म कीटक पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर चिकटून रस शोषतो आणि स्वतःभोवती राळेचे कवच तयार करतो. छोटा नागपूरच्या पठारावर, विशेषतः आदिवासी गावांत, ही लाख पिढ्यान्‌पिढ्या काढली जाते. फांद्या खरवडायच्या, दाणे धुऊन रंग काढायचा, मग लांब कापडी पिशवीत भरून निखाऱ्यांसमोर पीळ देत वितळवायचे. कापडातून गळालेली गरम लाख कारागीर हातापायांनी, प्रसंगी दातांनीही ताणून तिचा पातळ पापुद्रा करीत. सुतार ज्याला चपडा म्हणतात, तो हाच.

एमिल बर्लिनरने आपल्या तबकड्यांसाठी कठीण रबर सोडून लाखेचे मिश्रण स्वीकारले, त्यामागे साधे भौतिकशास्त्र होते. तापवलेली लाख मऊ होऊन साच्याच्या बारीकातल्या बारीक खाचेत शिरते आणि थंड होताच तो आकार घट्ट धरते. मात्र तबकडीत लाख जेमतेम पाव ते एक तृतीयांश असे. उरलेला भाग पाटीच्या दगडाची किंवा चुनखडीची पूड, काजळी इत्यादींचा. ही खरखरीत पूड मुद्दाम घातलेली होती. शंभर ग्रॅमहून अधिक भार घेऊन फिरणारी पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांतच घासून खाचेच्या आकाराची व्हावी, तबकडीऐवजी सुई झिजावी, हा हेतू. म्हणून दर बाजूला नवी सुई लावावी लागे. जुन्या गाण्यांमागची ती अखंड खरखर बऱ्याच अंशी या दगडाच्या पुडीचीच.

1902 च्या नोव्हेंबरात फ्रेड गेसबर्गने कोलकात्यात गौहर जानचे गाणे मुद्रित केले. तबकड्या छापल्या गेल्या जर्मनीत, हॅनोव्हरला. म्हणजे भारतातून लाख जहाजाने युरोपात जायची आणि भारतीय गाणे तबकडी होऊन परत यायचे! कच्चा माल इथला, गळा इथला, कारखाना तिकडचा. वसाहतीच्या अर्थकारणाचे याहून बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही. 1908 मध्ये कोलकात्यात श्यालदा भागात छपाईचा कारखाना निघाला. जाता जाता सांगायचे तर, तिथून फार दूर नसलेल्या बहूबाजार रस्त्यावरच्या प्रयोगशाळेत त्याच काळात सी. व्ही. रामन नोकरीचे तास संपल्यावर तंतुवाद्यांचा आणि पुढे मृदंग-तबल्याच्या स्वरसंवादी कंपनांचा अभ्यास करीत होते.

लाखेची सद्दी युद्धाने डळमळली. एप्रिल 1942 मध्ये अमेरिकेने नागरी वापराच्या लाखेवर मोठी कपात लादली, कारण लाख सागरी मार्गाने आशियातून येई आणि ती लष्करालाही हवी होती. सैनिकांसाठीच्या तबकड्या मग व्हिनाइलवर निघू लागल्या. 1948 मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला 33⅓ फेऱ्यांची दीर्घ तबकडी आणली. पुडीविना गुळगुळीत असलेल्या व्हिनाइलमध्ये खाचा अरुंद करता आल्या, म्हणून तीन मिनिटांच्या जागी वीसेक मिनिटे मावली. ज्या ख्यालाला तीन मिनिटांत आटोपावे लागे, त्याला प्रथमच श्वास घेता आला.

पण किंमत मोजावी लागलीच. दहा इंची जुन्या तबकडीच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे एक मीटर वेगाने सरकते; दीर्घ तबकडीच्या कडेला अर्धा मीटर आणि शेवटच्या वळणांवर तर जेमतेम 21 सेंटिमीटर. त्या ठिकाणी 10 किलोहर्ट्झच्या स्वराची एक लहर केवळ 21 मायक्रोमीटरमध्ये कोंबलेली असते. बाजूच्या अखेरीस तार स्वर किंचित फाटतात ते यामुळे. शिवाय मुद्रणात खर्ज दाबला जातो, तार स्वर उचलले जातात आणि ऐकताना प्रवर्धक त्याच्या नेमके उलट करतो. शौकिनांची ‘ऊब’ मला मान्य आहे. ती निसर्गाची देणगी आहे, हे मान्य नाही.

भारतात लाखेच्या तबकड्या मात्र टिकून राहिल्या. वीज नसलेल्या घरांत चावीचे ग्रामोफोन होते आणि त्यांच्या जड सुईखाली व्हिनाइल टिकले नसते. त्यामुळे 1960 च्या दशकातही बीटल्सची गाणी इथे 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवर निघाली. जगभरचे संग्राहक आज त्या शोधत असतात. ग्रामोफोनचे गिऱ्हाईक गेल्यावर लाख वार्निश, औषधी गोळ्यांची आवरणे, फळांवरील चकाकी अशा उपयोगांकडे वळली.

त्या काळातले पुष्कळ गाणे आज केवळ संग्राहकांच्या कपाटांतील तबकड्यांवर उरले आहे. लाख ठिसूळ, एक धक्का आणि तुकडे. दमट हवेत तिच्यावर बुरशी धरते आणि सुईची प्रत्येक फेरी खाचेला थोडी अधिक झिजवते. सुई न टेकवता खाच वाचण्याचा मार्ग कणभौतिकीतून आला आहे. बर्कलीच्या प्रयोगशाळेत कार्ल हेबर आणि विटाली फादेयेव यांनी कणांचे मार्ग टिपण्याच्या प्रतिमातंत्राने खाचांची सूक्ष्म छायाचित्रे घेऊन संगणकावर आवाज परत मिळवला. या पद्धतीने तुटलेल्या तबकडीचे तुकडेही वाचता येतात. आपल्याकडे हे काम करू शकतील असे पदार्थवैज्ञानिक आहेत, प्रकाशिकीतले जाणकार आहेत आणि नामकुमला लाखेचे शंभर वर्षांचे ज्ञान साठलेले आहे. आपल्या घरी आजोबांच्या तबकड्या असतील तर कृपया त्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. आणि भंगारात देण्यापूर्वी लेबलावरचे नाव वाचा.