रयत

बारामतीहून इंदापूरच्या वाटेवर काटेवाडीला तुकोबारायांच्या पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. ते पाहिले की मला ‘रयत’ शब्द आठवतो. हा शब्द मूळ अरबी, फारसीवाटे मराठीत आलेला. त्याच्या मुळाशी चारणे, राखणे हा अर्थ आहे. रयत म्हणजे राखलेला कळप. म्हणजे कोणी राखणारा आहे हे या शब्दातच धरलेले आहे. शिवछत्रपतींनी चिपळूणजवळच्या छावणीतील लष्कराला बजावले, की कुणब्याच्या घरचे दाणे, गवत, भाजी उचलाल तर लोक तुम्हांला मोगलांहून वाईट मानतील. राजा रयतेला आपल्याच माणसांपासूनही राखत होता.

पुढे इंग्रजी अमल आला. शब्द तोच राहिला, राखणारा मात्र गेला. याच वाटेवरच्या इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी जमिनीची नवी मोजणी व आकारणी बसवली. तिचे नाव रयतवारी. पूर्वी गावाचा सारा पाटलामार्फत जाई. आता सरकार आणि एकटा खातेदार यांचा सरळ हिशेब. नाव रयतेचे, पण पीक बुडाले तरी सारा रोख भरायचा. मग सावकाराचे दार आलेच. अमेरिकेतल्या युद्धामुळे कापसाला चढलेला भाव युद्ध संपताच उतरला आणि कर्जे तेवढी उरली.

१२ मे १८७५ रोजी सुपे गावी बाजारच्या दिवशी लोक सावकारांवर चालून गेले. लूट झाली, जाळपोळ झाली; पण ठिकठिकाणी लोकांनी मागितले ते मुख्यतः कर्जरोखे. ते हाती येताच जाळले. माणसांना इजा फारशी झाली नाही. दंगेखोर म्हणून त्यांची नोंद झाली, पण त्यांना नेमके काय जाळायचे होते ते कळत होते! सरकारलाही १८७९ साली शेतकऱ्यांच्या कर्जाविषयी कायदा करावा लागला.

देहूचे घराणे महाजनकीचे, सावकारीही होती. १६३० च्या दुष्काळात सारे गेले. परंपरा सांगते, तुकोबांनी भावाच्या वाटणीचे खतकागद त्याला दिले आणि आपल्या वाटणीचे इंद्रायणीत सोडले. या प्रसंगाला आपण वैराग्य म्हणतो, ते खरेच. पण त्या कागदांच्या दुसऱ्या टोकाला कोण होते? त्याच दुष्काळात होरपळलेली रयत. तिला काहीही जाळावे लागले नाही. घेणेकऱ्यानेच कागद पाण्यात सोडले होते.