होम युनिव्हर्सिटी: नागपूर

मामाचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो.

"अबे, तुले त्या ऑनलाइन फॉर्मातलं समजते ना? मंग ये बरं शनवारी. पोरीचं इंजिनियरिंगचं भराचं हाये."

नाही म्हणायची सोयच नव्हती. शुक्रवारी रात्रीची गाडी धरली, सकाळी बडनेऱ्याला उतरलो आणि तिथून गुरुकुंज मोझरी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अमरावती-नागपूर हायवेवर, अमरावतीपासून साधारण ३५ किलोमीटरवर हे गाव. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली इथे आश्रम काढला आणि गावाच्या नावाआधी गुरुकुंज लागलं. माझे आजोबा (आईचे वडील) जुने गुरुदेव सेवक. भगवी टोपी आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना, दोन्ही अजून सुटलेली नाहीत.

तर मामेबहिणीची सीईटी झालेली, पर्सेंटाइल आलेला. बरा होता, पण 'पुण्यात हवं ते मिळेलच' असं म्हणण्याइतका नव्हता. म्हणजे खरा प्रश्न यादीच्या वरच्या टोकाचा नव्हताच. वरची चार-पाच नावं तर तिला झोपेतही पाठ होती. प्रश्न होता की ते नाही मिळालं तर काय. मामाकडे याचं उत्तर तयार होतं. "अमरावती तर घरचीच हाये. सगळ्यात खाली अमरावती टाकून दे, तिथं लागूनच जाईल. रोजचं जाणं-येणं करंल एसटीनं."

मी लॉगिन केलं, तिची माहिती उघडली, आणि एका ओळीवर थांबलो. होम युनिव्हर्सिटी: राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ.

मामा चष्मा लावून वाकला. "आपली पोरगी नागपूरची कशी झाली बे? घर तर इथंच हाये!"

झालं होतं असं की पोरगी अकरावी-बारावीला नागपुरात होती, क्लाससाठी. आणि नियमात 'होम' म्हणजे घर नाही. बारावी जिथून पास झालात तो जिल्हा ज्या विद्यापीठाच्या हद्दीत येतो, ते तुमचं होम. विद्यापीठाला जोडलेल्या कॉलेजांत ७० टक्के जागा आपल्या हद्दीतल्या पोरांना, ३० टक्के बाहेरच्यांना. म्हणजे मोझरीहून ३५ किलोमीटरवरच्या अमरावतीत ही पोरगी बाहेरची, आणि सव्वाशे किलोमीटरवरच्या नागपुरात घरची.

आजोबा खाटेवरून ऐकत होते. म्हणाले, "महाराजाचंच नाव हाये ना त्याले? मंग ते परकं कसं?"

हसू आलं, पण आजोबांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मोझरीच्या महाराजांचं नाव २००५ साली नागपूरच्या विद्यापीठाला दिलं गेलं, आणि मोझरी ज्या विद्यापीठात येते त्याला नाव आहे संत गाडगेबाबांचं. दोघंही अमरावती जिल्ह्यातच जन्मलेले, एक यावलीचे, एक शेंडगावचे. आणि कॉलेजची पायरी दोघांपैकी एकानेही चढलेली नाही! असो.

तो शनिवार मग फॉर्मपेक्षा ह्या रेषेच्याच मागे गेला. ही हद्द आली कुठून?

नकाशा उघडला तर उत्तर समोरच होतं. अमरावती विद्यापीठाचे पाच जिल्हे: अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ, वाशीम. म्हणजे जवळजवळ जसाच्या तसा जुना वऱ्हाड. पूर्वेची हद्द वर्धा नदी. मोझरीहून नागपूरकडे निघालात की तिवसा मागे पडतं, पुढे नदी लागते आणि पलीकडे वर्धा जिल्हा, म्हणजे नागपूर विद्यापीठ. ह्या नदीची सीमा केली ती कुठल्या शिक्षणमंत्र्याने नाही. नोव्हेंबर १८०३ मध्ये अडगावच्या लढाईत दुसरे रघूजी भोसले इंग्रजांकडून हरले, डिसेंबरात गाविलगड पडला, आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला आणि निजामाला मिळाला. पुढे १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला, १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला, वगैरे वगैरे. राज्यं बदलली, रेषा राहिली. आमच्या धंद्यात याला लेगसी कोड म्हणतात. कोणी लिहिला, का लिहिला, ते विचारायला माणूस उरलेला नसतो, पण काढायला गेलं की काहीतरी मोडतं.

गंमत म्हणजे शिक्षणापुरती ही रेषा मध्ये साठ वर्षं पुसली गेली होती.

१९२३ च्या आधी तर बॅकअपची भानगडच नव्हती, कारण मुळात पर्यायच नव्हता. दादासाहेब खापर्डे शिकले ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात, आणि वकिली करायला अमरावतीला आले. नागपूरची हिस्लॉप (१८८३) आणि मॉरिस (१८८५) ही कॉलेजंही आधी कलकत्ता विद्यापीठाला आणि मग अलाहाबादला जोडलेली. विचार करा, पेपर नागपुरात लिहायचा आणि निकाल कलकत्त्याचा. पंजाबराव देशमुख हे पापळचे, शेतकऱ्याच्या घरचे. अमरावतीत शाळा झाली, मग पुण्याचं फर्ग्युसन आणि तिथून थेट विलायत. ऑक्सफर्डची डॉक्टरेट आणि बॅरिस्टरी घेऊन परतले. किती घरांना हे परवडणार? बाकीच्यांनी मॅट्रिक झाल्यावर काय केलं असेल ते सांगायला नको. घरी बसले, नाहीतर मास्तरकी.

१९२३ मध्ये दोन गोष्टी एकदम झाल्या. ४ ऑगस्टला नागपूर विद्यापीठ स्थापन झालं आणि त्याच वर्षी अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज उघडलं, जे पुढे विदर्भ महाविद्यालय झालं. वऱ्हाडातल्या पोराला पहिल्यांदा 'मुंबई-पुणे नाही जमलं तर अमरावती' असं म्हणता आलं. आणि परत आलेल्या पंजाबरावांनी श्रद्धानंद छात्रालय काढलं, श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. बाहेर शिकून आलेल्या माणसाने मागे राहिलेल्यांसाठी दुसरा पर्याय उभा करावा, हे मला त्यांच्या मंत्रिपदापेक्षाही मोठं वाटतं. (ते १९५२ ते ६२ देशाचे कृषिमंत्री होते. अकोल्याचं कृषी विद्यापीठ, १९६९ चं, त्यांच्याच नावाचं. कृषीची पदवी हाही वऱ्हाडात घरोघरचा बॅकअप आहे, पण तो विषय वेगळा.)

ह्या साठ वर्षांत वऱ्हाडातली कॉलेजं नागपूर विद्यापीठालाच जोडलेली होती. आजोबांनी मध्येच उठून कपाटातून आपलं बी.ए.चं सर्टिफिकेट काढून दाखवलं. शिकले अमरावतीला, शिक्का नागपूरचा. त्यांच्यासाठी नागपूर विद्यापीठ म्हणजे 'आपलं' विद्यापीठ, यात महाराजांच्या नावाचा संबंध नंतरचा.

मग आलं १९८३. माझ्या मते आजची प्रत्येक इंजिनियरिंगची यादी या वर्षात जन्मली. १ मे १९८३ ला अमरावती विद्यापीठ वेगळं झालं, म्हणजे वर्धा नदीची रेषा परत उगवली. आणि त्याच वर्षी वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनियरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्याआधी विदर्भात पर्याय मोजके: नागपूरचं व्हीआरसीई (१९६०, आता व्हीएनआयटी), अमरावतीचं शासकीय (१९६४). तिथे नाही लागलं तर पैसेवाले डोनेशन मोजून कर्नाटकात जात. १९८३ मध्ये बडनेरा, शेगाव, पुसद, तिन्हीकडे कॉलेजं उघडली. विनाअनुदानितला खूप शिव्या घातल्या जातात, फी वरून आणि दर्जा वरून, आणि त्यातल्या काही मीही घातल्या आहेत. पण आज पुण्यात माझ्या टीममध्ये बसलेली निम्मी वैदर्भीय मंडळी त्याच कॉलेजांतून आलेली आहेत, हे नाकारून कसं चालेल? मामाचं बी.कॉम. अमरावती विद्यापीठाचं, त्यामुळे 'अमरावती घरची' हे त्याच्या डोक्यात पक्कं. म्हणजे बाप नागपूरचा, पोरगा अमरावतीचा, नात पुन्हा नागपूरची, आणि घर जागचं हललेलं नाही.

राहिला आकडा. ७०:३० च का? याचं मूळ मेडिकलच्या प्रवेशात सापडतं. महाराष्ट्रात एकेकाळी मेडिकलच्या खुल्या जागा त्या-त्या विद्यापीठाच्या हद्दीत शिकलेल्यांनाच दिल्या जात. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शंभर टक्के चालणार नाही. विभागात शिकलेल्यांना जास्तीत जास्त ७०, आणि किमान ३० टक्के जागा राज्यातल्या बाकी विभागांना. कसोटी शिकलात कुठे हीच. मेडिकलमधून हा कोटा सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाला. मराठवाड्यात कॉलेजं कमी, त्यामुळे तिथल्या पोरांची ती जुनी तक्रार होती. इंजिनियरिंगमध्ये मात्र होम युनिव्हर्सिटी टिकली. अर्थात जी कॉलेजं स्वायत्त झाली त्यांना ही रेषा लागू नाही, तिथे जागा राज्यपातळीवर. अमरावतीचं शासकीय त्यातलंच.

आता एवढ्या इतिहासाचा त्या पोरीला उपयोग काय? होता. 'घरचीच आहे, लागूनच जाईल' हा भरवसा मोडला, ही पहिली गोष्ट. मग आम्ही प्रत्येक कॉलेजचे मागचे कट-ऑफ नीट रकाना बघून लावले. नागपूरकडे तिला होमचा रकाना, अमरावतीकडे बाहेरच्यांचा. बाहेरच्यांना जागा ३० टक्केच, पण बाहेरून तिकडे जाणारेही कमी, त्यामुळे दर कॉलेजला वेगळं चित्र निघालं. अंदाजाने काही ठरत नाही, आकडेच बघावे लागतात. मामाला मी हेही समजावलं की वर अवघड कॉलेज टाकल्याने खालचं हातचं जात नाही. कॉम्प्युटर गुणवत्ता यादी वरून खाली वाचतो आणि ज्याच्या-त्याच्या यादीतलं शिल्लक असलेलं सगळ्यात वरचं देतो. मात्र पहिल्या फेरीत पहिल्या नंबरावर जे टाकाल ते मिळालं तर घ्यावंच लागतं, म्हणून तिथे उगाच नाव नको.

संध्याकाळपर्यंत यादी बेचाळीस ओळींची झाली होती. मी विचारलं, यातल्या शेवटच्या दहांपैकी कुठेही लागलं तर जाशील का? ती गप्प. सर्व्हरचा बॅकअप रोज घेतात, पण रिस्टोर करून कोणी बघत नाही, आणि नडतं तेव्हा कळतं की फाइल रिकामी आहे. (हे आमच्याकडे प्रत्यक्ष झालंय, ती रात्र मी विसरणार नाही.) मी तिला हेच सांगितलं. तिने माऊस माझ्याकडून घेतला आणि खालची अकरा नावं एकेक करून उडवली. त्यात मामाच्या आवडीची दोन होती. मामा काही बोलला नाही, पण खुर्ची मागे सरकवल्याचा आवाज आला.

शेवटच्या ओळीवर अमरावती राहिलं. मग ती म्हणाली, "दादा, इथं लागलं तर मी जाईन. पण होस्टेलवर राहीन. रोज येणं-जाणं नाही करणार. हे आत्ताच बाबाले सांगून ठेव."

बाबा तीन फुटांवर बसला होता.

मी सांगितलं. मामीने स्वयंपाकघरातूनच "बरोबर हाये तिचं, दोन-अडीच तास एसटीत गेल्यावर अभ्यास कवा करंल?" म्हणून सांगितलं. मामा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला आणि म्हणाला, "पाहू." वऱ्हाडात 'पाहू' म्हणजे नऊदा 'नाही' आणि एकदा 'हो'. तिने तो 'हो' धरला आणि कन्फर्मचं बटण दाबलं. तेवढ्यात प्रार्थनेची वेळ झाली म्हणून आजोबा टोपी घालून निघाले.

दुसऱ्या फेरीत तिला यादीतलं सातवं लागलं, नागपूरचं, होमच्या जागेवर. होस्टेलचा प्रश्नच आला नाही, तिथे राहावंच लागणार. आजोबा आता आश्रमात भेटेल त्याला सांगतात, नात महाराजाच्या विद्यापीठात हाये.