नेत्रमापन, प्रकाशीय

डोळ्याला स्पर्श न करता प्रकाशाच्या साहाय्याने त्याच्या भागांची वक्रता, जाडी व अंतरे मोजण्याच्या तंत्रास ही संज्ञा देतात. मोतीबिंदू काढल्यावर बसवावयाच्या कृत्रिम नेत्रभिंगाची शक्ती या मापांवरून ठरवितात.

इतिहास : क्रिस्टोफ शाइनर यांनी १६१९ मध्ये स्वच्छमंडलावरील प्रतिबिंबाची काचेच्या गोळ्यांवरील प्रतिबिंबांशी तुलना करून त्याच्या वक्रतेचा अंदाज घेतला. हेर्मान फोन हेल्महोल्ट्स यांनी १८५१ मध्ये डोळ्याचा अंतर्भाग पाहण्याचे उपकरण प्रसिद्ध केले व पुढे वक्रतामापकही तयार केला. झाव्हाल व श्योट्स यांनी १८८१ मध्ये त्याला रुग्णालयात वापरण्याजोगे रूप दिले.

डोळ्याची लांबी मोजणे अधिक कठीण होते. हॅरल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडन येथे पहिले कृत्रिम नेत्रभिंग बसविल्यावर या मापाचे महत्त्व वाढले. लांबीत १ मिमी. चूक झाल्यास चष्म्याच्या क्रमांकात सुमारे २·५ ते ३ डायॉप्टरांचा फरक पडतो. प्रारंभी ही लांबी श्राव्यातीत तरंगांनी मोजीत. त्यासाठी डोळा बधिर करून शलाका स्वच्छमंडलावर टेकवावी लागे. ती किंचित दाबली गेल्यास लांबी कमी भरे आणि संसर्गाचाही धोका असे. १९८० नंतरच्या दशकात आडॉल्फ फेर्खर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशाच्या व्यतिकरणाचा उपयोग केला. स्वच्छमंडल व जालपटल यांवरून परतलेल्या किरणांच्या व्यतिकरणावरून त्यांमधील अंतर काढतात. या तत्त्वावरील पहिले व्यापारी उपकरण १९९९ मध्ये प्रचारात आले. त्यात ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश वापरलेला होता.

मर्यादा : मोतीबिंदू फार पिकून पांढरा झाल्यास प्रकाश जालपटलापर्यंत पोहोचत नाही आणि श्राव्यातीत तरंगांचाच आधार घ्यावा लागतो. त्यामुळे दृष्टी जवळजवळ जाईपर्यंत उपचार लांबविणाऱ्या रुग्णालाच या अचूक साधनाचा लाभ मिळत नाही. खेड्यांतील वृद्धांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. रायगड जिल्ह्यातील शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव पनवेल तालुक्यात असून पनवेल येथे लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट ही नेत्रवैद्यकीय संस्था आहे. तथापि रुग्णालय जवळ असणे पुरेसे नसते. रुग्ण वेळेवर तेथे पोहोचणेही तितकेच आवश्यक असते. १९७६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात मोतीबिंदूवर भर देण्यात आला. मोतीबिंदू लवकर ओळखला गेल्यास डोळ्याचे माप प्रकाशाने घेता येते आणि शस्त्रक्रियेनंतरची दृष्टी अधिक निर्दोष होण्याची शक्यता वाढते.