खालांच्या बोलण्याचा तक्ता

माझ्या मोठ्या खालांची अडतीस मिनिटांची एक मुलाखत मी मोबाईलवर घेतली होती. खाला दखनी उर्दूत बोलतात. त्यांची नातवंडं मराठी शाळेत शिकलेली. त्यांना नानीचं बोलणं अर्धं कळतं आणि नस्तालीक अजिबात वाचता येत नाही. म्हणून व्हिडिओखाली मराठी ओळी याव्यात असं ठरवलं. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, तेव्हा तर्जुमा सोपा वाटला होता. अडलं ते फाईलपाशी, आणि त्या निमित्ताने या ओळींचा इतिहास वाचावा लागला.

मूकपटात अडचण कमी होती. फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये दृश्य थांबवून मजकुराची पाटी दाखवत. दुसऱ्या भाषेचा प्रेक्षक असेल तर पाटी बदलायची, काम झालं. बोलपट आला आणि हे संपलं. ‘द जाझ सिंगर’ जानेवारी १९२९ मध्ये पॅरिसला लागला तेव्हा चित्राखाली फ्रेंच ओळी होत्या. आपल्याकडे ‘आलम आरा’ १९३१ चा. त्याच्या पुढच्याच वर्षी ‘प्रभात’ने ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आणि हिंदीत असा दोनदा चित्रित केला. तर्जुमा करण्याऐवजी सिनेमाच दोनदा काढायचा! खर्चिक, पण नटाच्या तोंडून दोन्ही भाषा खऱ्या येत.

युरोपातल्या लहान भाषांना हे परवडणारं नव्हतं. म्हणूनच नॉर्वे आणि हंगेरीत लोक फिल्मवर अक्षरं उमटवायच्या मागे लागले. १९३२ मध्ये ऑस्लो आणि बुडापेस्टमध्ये दोन वेगवेगळ्या माणसांनी जवळपास एकाच वेळी पेटंट घेतलं. रीत अशी: फिल्मवर मेणाचा पातळ थर द्यायचा, तापवलेला ठसा दाबायचा, अक्षराच्या जागचं मेण वितळतं, मग रसायनात बुडवलं की तिथला रंगाचा थर निघून जातो आणि पांढरी अक्षरं उरतात. प्रत्येक ओळीचा वेगळा ठसा. एकदा उमटलेली चूक दुरुस्त करायची तर ती प्रतच बाद. पुढे १९८० च्या दशकात लेझर आला, तरी मजकूर चित्रात कोरलेलाच राहिला.

मजकूर चित्रापासून सुटला तो संगणकावर. युरोपच्या प्रसारण संघाने १९९१ मध्ये अशा फाईलचा एक नमुना ठरवला, पण तो यंत्रांसाठी होता. साध्या माणसाला उघडून वाचता येईल अशी फाईल दिली सबरिप या मोफत प्रोग्रामने, २००० च्या आसपास. डीव्हीडीवरच्या ओळी चित्ररूपात असतात. हा प्रोग्राम त्या ओळखून साध्या मजकुरात उतरवी. त्याचीच एसआरटी फाईल आज जगभर चालते. तिची रचना शाळकरी मुलालाही समजेल अशी आहे. आधी क्रमांक, त्याखाली सुरू आणि संपण्याची वेळ व मध्ये बाण, त्याखाली एक-दोन ओळी मजकूर, मग एक रिकामी ओळ. सेकंदांनंतर टिंबाऐवजी स्वल्पविराम असतो, कारण प्रोग्राम फ्रान्समध्ये लिहिला गेला आणि तिथे दशांश स्वल्पविरामाने लिहितात.

ही फाईल पाहायला उत्तम, तर्जुम्याला वाईट. मूळ आणि अनुवाद शेजारीशेजारी दिसत नाहीत, आणि चुकून एक रिकामी ओळ मधे आली तर पुढचा मजकूर गायब. म्हणून भाषांतर करणारे तिचा तक्ता करतात. एका संवादाची एक आडवी ओळ, आणि क्रमांक, सुरुवात, शेवट, मूळ, अनुवाद असे रकाने. शेवटी त्याची पुन्हा एसआरटी बनवायची. रकान्यांचा हा कागद संगणकावर १९७९ मध्ये ‘व्हिसिकॅल्क’ने आणला तो हिशोबासाठी. त्याचा जीव आकड्यांत. आजही तो खालांच्या बोलण्याकडे हिशोब म्हणूनच पाहतो. वेळ दिसली की आपल्या मर्जीने तिचं रूप बदलतो. दोन माणसं बोलत असली की संवादाआधी आपण आडवी रेघ देतो. त्याला ती वजाबाकी वाटते आणि मजकुराच्या जागी चूक दाखवतो. यावर उपाय एकच, काही भरण्याआधी सगळे रकाने ‘मजकूर’ म्हणून ठरवून टाकायचे.

मला हे ठाऊक नव्हतं. पण त्याहून मोठी चूक वेगळीच केली. दोन आठवडे बसून साडेपाचशेच्या वर ओळी मराठीत केल्या आणि फाईल स्वल्पविरामाच्या जुन्या साध्या प्रकारात जतन केली. दुसऱ्या दिवशी उघडली तर दोन्ही रकान्यांत प्रश्नचिन्हंच प्रश्नचिन्हं. त्या प्रकाराला देवनागरीही कळत नव्हती आणि उर्दूही. उर्दूची मूळ एसआरटी वेगळी होती म्हणून ती वाचली. मराठी गेली. जतन करताना ‘यूटीएफ-८’ हा पर्याय निवडायचा असतो, ही गोष्ट मी अशी शिकलो.

दुसऱ्यांदा केलं तेव्हा अनुवाद तसाच्या तसा उतरला नाही. नाना गेल्याची बातमी आली तो प्रसंग सांगताना खाला म्हणतात, दिल बैठ गया. पहिल्यांदा मी ‘काळजात धस्स झालं’ लिहिलं होतं. दुसऱ्यांदा वाटलं, धस्स तर क्षणभर होतं, खाला सांगतात ते क्षणाचं नाही. ‘हातपाय गळाले’ केलं. उर्दू शेजारच्या रकान्यात समोर नसती तर हे लक्षातही आलं नसतं.

तक्त्यात उर्दू उजवीकडून चालते, मराठी डावीकडून, आणि दोघी मधल्या रेषेकडे तोंड करून उभ्या. मला आदिलशाहीतले दुभाषी फर्मान आठवले: वर फारसी, खाली मोडीतली मराठी, एकाच कागदावर. तिथे लिहिणारे हातही बहुधा दोन असत. इथे एकच आहे, आणि उर्दूचा पूर्णविराम अधूनमधून उडी मारून ओळीच्या भलत्या टोकाला जाऊन बसतो. मजकूर बरोबर असतो, फक्त रकान्याची दिशा उजवीकडून करावी लागते. पहिल्या दिवशी मी असे चाळीसेक पूर्णविराम हाताने हलवले होते. ते नंतर सगळे परत हलवावे लागले.

दोनशे चौदाव्या ओळीत खाला एका भांड्याचं नाव घेतात. मला ते नीट ऐकू येत नाही, अम्मींनाही नाही. तो रकाना रिकामा ठेवलाय. रविवारी खालांकडे जाणार आहे, मोबाईल आणि चार्जर घेऊन.