मोबाइल टॉवर पाऊस मोजू शकतो? लातूर-नांदेडला याचा काय उपयोग?

सरकारी हिशेबात महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला, तर ती अतिवृष्टी. हा आकडा येतो मंडळातल्या पर्जन्यमापकातून. एका मंडळात अनेक गावं असतात आणि मराठवाड्यातला वळीव गावागावांत भेद करतो. एका शिवारात सोयाबीन पाण्याखाली आणि यंत्राजवळ नुसता शिडकावा, असं घडतं. मग शेतकऱ्यानं सांगायचं काय आणि दाखवायचं काय?

यावर एक उपाय गावाच्या माळावरच उभा आहे: मोबाइलचा टॉवर.

बऱ्याच टॉवरवर ढोलकीसारखी गोल अँटेना दिसते. ती आपल्या फोनशी बोलत नाही. ती काही किलोमीटरवरच्या दुसऱ्या टॉवरशी मायक्रोवेव्ह लहरींनी जोडलेली असते. मध्ये पाऊस आला की थेंब या लहरींची ऊर्जा शोषतात, विखुरतात आणि पलीकडे सिग्नल कमजोर पोहोचतो. 23 गिगाहर्ट्झच्या लिंकवर ताशी 50 मिलिमीटर पाऊस पडत असेल, तर दर किलोमीटरला साधारण 5 ते 7 डेसिबल घट होते. 3 डेसिबल म्हणजे ताकद निम्मी. कंपन्या ही घट लिंकच्या देखरेखीसाठी नोंदवतातच. तीच नोंद उलटी वाचली की पाऊस कळतो, तोही एका ठिकाणचा नाही, दोन टॉवरमधल्या पूर्ण पट्ट्याचा सरासरी.

इस्रायलच्या संशोधकांनी 2006 मध्ये हे दाखवून दिलं. 2013 मध्ये नेदरलँड्समध्ये सुमारे 2,400 लिंकवरून अख्ख्या देशाचा पर्जन्य नकाशा काढला गेला. पण मराठवाड्याला जवळचं उदाहरण आफ्रिकेतलं आहे. बुर्किना फासोमध्ये पर्जन्यमापक मोजके, हवामान रडारचा आधार नाही. तिथं 2012 च्या पावसाळ्यात 29 किलोमीटरच्या एकाच लिंकनं पावसाचे 95 टक्के दिवस ओळखले.

आता पुढची पायरी. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेनं 2023 मध्ये 6जीची चौकट ठरवली. तिच्या सहा मुख्य वापरांत 'संवाद आणि संवेदन एकत्र' हा एक आहे. पावसाचं मोजमाप हा आजच्या नेटवर्कचा जोडधंदा आहे, 6जीत मात्र अशी जाणीव मुळातच बसवलेली असेल. टॉवर लहर सोडेल, ती वस्तूवर आपटून परत येईल आणि लागलेल्या वेळेवरून अंतर निघेल. लहर एका नॅनोसेकंदात 30 सेंटीमीटर जाते, पण इथं ती जाऊन परत येते, म्हणून वेळेत 10 नॅनोसेकंदांची चूक झाली तर अंतरात दीड मीटरचा फरक. फोन शोधण्याचं तंत्रही वेळेच्या अशाच हिशेबावर चालतं. फरक इतकाच, की संवेदनात समोरच्याच्या खिशात फोन असण्याची गरज नाही. सोय म्हणून हे भारी आहे, पण संमती कोणाची आणि कशी घ्यायची, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो.

ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यात लेंडी नदीच्या पुरानं गावं वेढली, लष्कर बोलवावं लागलं. पाणी फक्त मुखेडच्या पावसाचं नव्हतं, वरच्या अंगाला उदगीरकडेही जोरदार पाऊस झाला होता. लातूर जिल्ह्यातल्या पट्ट्यावर मिनिटामिनिटाला किती पडतंय, हे नांदेडच्या खालच्या गावांना कळणं म्हणजे जनावरं सोडायला मिळालेला वेळ.

अडचणी आहेतच. भिजलेली अँटेना स्वतःच सिग्नल खाते, त्यामुळे पाऊस जास्त दिसतो. ग्रामीण भागातल्या लांब लिंक बहुधा कमी फ्रिक्वेन्सीच्या असतात, त्यांना रिमझिम जाणवत नाही. टॉवर फायबरनं जोडला की ती लिंकच जाते. आणि सगळ्या नोंदी कंपन्यांच्या सर्व्हरवर असतात. त्या मिळाल्या तरी नुकसानभरपाईसाठी पुरावा म्हणून चालायला आधी शेजारच्या पर्जन्यमापकांशी पडताळाव्या लागतील, तेही एक-दोन पावसाळे.