वऱ्हाडच्या पुस्तकातला ‘ल’

कॉलेजातल्या मुलांना पाठ्यपुस्तकात कोणता टाइप आवडतो, याचं उत्तर आपण डोळ्यांत शोधतो. अमरावती-अकोल्याचा इतिहास पाहिला तर ते सवयीत सापडतं. एकेकाळी वऱ्हाडातल्या दप्तरांत हात मोडी लिपीवर चालायचा, पोथी मात्र बाळबोध, म्हणजे देवनागरीत. छापखान्यांनी बाळबोध उचलली. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने, 1869 पासून, तिच्या खिळ्यांना असं देखणं वळण दिलं की मराठी पुस्तक म्हणजे तेच, असं वाचक धरून चालले. पुढे शाळांतून मोडी गेली आणि काही पिढ्यांत आजोबांचा दस्त वाचायला जाणकार शोधण्याची वेळ आली. अक्षरं बदलली नव्हती, सराव सुटला होता.

वऱ्हाडचा पेच आणखी निराळा. 1903 पासून 1956 पर्यंत हा मुलूख मध्य प्रांताशी जोडलेला, म्हणजे हिंदीचा शेजार कायमचा. हिंदीतला दंडाचा ‘ल’ आणि मराठीतला पाकळीचा ‘ल’ दोन्ही इथे नजरेखालून गेले. कुणी म्हणेल, सवय कसली, काही टाइप मुळातच सुवाच्य असतात. खरं आहे, पण अर्धंच. ओळी दाटल्या, बारीक टाइपात ‘ष्ट्य’सारखं जोडाक्षर कोंबलं, तर सराव कामी येत नाही. तिथे दोष मांडणीचा. ‘ल’च्या वळणाची आवड मात्र पहिलीच्या पुस्तकातच ठरते, कॉलेजात ती फक्त बोलून दाखवली जाते. या सवयीवर सरकारी शिक्का उशिराच बसला: पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ मराठीसाठी अधिकृत ठरवणारा शासन निर्णय निघाला तो 6 नोव्हेंबर 2009 रोजी.