ॲम्प्लिफायर आणि स्पीकर : जोडी जमवण्याची शंभर वर्षं



संक्रांतीला आमच्या ग्रामसंघाच्या खोलीत हळदीकुंकू होतं. साठेक बायका जमल्या होत्या. वाण वाटून झाल्यावर रक्तक्षयावरची एक फिल्म दाखवायची होती. त्यासाठी ग्रामसंघाने ठराव करून होम थिएटरचा रिसीव्हर घेतला होता. रिसीव्हर म्हणजे मधला तो जड डबा, ज्यात आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर असतो. स्पीकर मात्र आम्ही विकत घेतले नव्हते. एका ताईंच्या घरी जुन्या संचाचे पाच स्पीकर पडून होते. संच बिघडला होता, स्पीकर धडधाकट होते. म्हटलं, एवढाच खर्च वाचला.

तारा जोडल्या, आवाज आला, फिल्म सुरू झाली. पंधरा मिनिटांत आवाज गप्प. डब्याला हात लावला तर तव्यासारखा तापलेला. थंड झाल्यावर परत लावला, परत बंद. तिसऱ्यांदा बंद पडल्यावर दारातून कुणीतरी म्हणालं, "बायकांना कशाला हवीत असली यंत्रं?" बारा हजार रुपये गटांच्या वर्गणीतले होते. पुढच्या मासिक बैठकीत त्यांचा हिशेब आम्हालाच द्यायचा होता.

तालुक्याच्या दुरुस्तीवाल्या काकांनी डबा उघडलासुद्धा नाही. त्यांनी एक स्पीकर उलटा केला. मागे छापलं होतं, 3 ओहम. मग रिसीव्हरची पाठ दाखवली. तिथे लिहिलं होतं, 6 ते 16 ओहम. काका म्हणाले, "ताई, दोन्ही वस्तू चांगल्या आहेत. फक्त एकमेकांच्या नाहीत."

त्या वाक्यामुळे आम्ही या विषयाच्या मागे लागलो. वाचता वाचता कळलं की ही जोडी जमवण्याची अडचण आपली एकट्यांची नाही. मोठा आवाज काढणारं यंत्र आलं तेव्हापासून ती आहे.

सुरुवातीचे रेडिओ कानाला लावून ऐकायचे असत. एकाच्या कानावर चकती, बाकीचे बघत बसलेले. सगळ्यांना एकदम ऐकू यावं म्हणून ज्यांनी धडपड केली, त्यांत अमेरिकेतले पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडम ही नावं पुढची आहेत. जेन्सन मूळचे डेन्मार्कचे. 1915 मध्ये या दोघांनी विजेवर चालणारा मोठा कर्णा लोकांसमोर आणला आणि त्याला नाव दिलं मॅग्नाव्हॉक्स, म्हणजे लॅटिन भाषेत 'मोठा आवाज'. 1919 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष विल्सन सॅन डिएगो शहरात बोलले, ते याच यंत्रावर. समोर सुमारे 50 हजार माणसं होती. मैदानात शेवटच्या रांगेला बसणाऱ्याचं दुःख आपल्याला माहीत आहे. सभेत आपली जागा बहुतेक वेळा तिथेच असते.

कर्ण्याचा आवाज मोठा होता, पण चिरका. 1925 मध्ये अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या इंजिनिअरांनी वेगळा स्पीकर मांडला. कागदाचा शंकू, त्याच्या टोकाला तारेचं वेटोळं, आणि ते चुंबकाच्या फटीत मागेपुढे हलतं. आज आपल्या टीव्हीत, रिक्षात, डीजेच्या भिंतीत जे स्पीकर दिसतात, ते बहुतेक याच पद्धतीचे. आवाज गोड होता, पण त्याला हलवायला ताकद जास्त लागे. तेव्हाच्या घरगुती रेडिओत ती नव्हती. म्हणून 1926 मध्ये हा स्पीकर बाजारात आला तो स्वतःचा ॲम्प्लिफायर पोटात घेऊनच. रेडिओला 104 असं त्याचं नाव. किंमत अडीचशे डॉलरच्या घरात आणि ॲम्प्लिफायर जेमतेम एका वॅटचा. पण ते दोघं एकमेकांसाठीच बनले होते. घेणाऱ्या माणसाला काही जमवायची गरज नव्हती.

बोलपटांच्या थिएटरांतही असंच. 14 मार्च 1931 ला मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात 'आलम आरा' लागला आणि 1932 मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलू लागला. त्या काळातले थिएटरचे ॲम्प्लिफायर मोजक्या वॅटचे असत. आज डीजेवाला हजारोंनी वॅट सांगतो. मग एवढंसं यंत्र अख्खं थिएटर कसं भरून टाकायचं? कारण पडद्यामागचे मोठे कर्णे थोड्या ताकदीत पुष्कळ आवाज देत. यातून पहिला धडा मिळतो. नुसते वॅट बघून काही कळत नाही, त्या वॅटचं पुढे स्पीकर काय करतो ते बघावं लागतं.

आपल्याकडे सभांना लाउडस्पीकर पुरवण्यात मुंबईच्या 'शिकागो रेडिओ'चं मोठं नाव होतं. गांधीजी, नेहरू यांच्या जुन्या फोटोंत मायक्रोफोनवर हे नाव वाचायला मिळतं. या दुकानाचे नानिक मोटवाने काँग्रेसच्या सभांना ही यंत्रं देत. 1942 च्या आंदोलनात मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला गेला. तो चालवणाऱ्यांत बाविशीतल्या उषा मेहता होत्या. 12 नोव्हेंबर 1942 ला त्या पकडल्या गेल्या आणि त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. त्याच खटल्यात मोटवाने आरोपी होते, ते सुटले. आज आपण या रेडिओ केंद्रावर बसून मोकळेपणाने बोलतो, म्हणून त्यांची आठवण इथे काढावीशी वाटली.

आता परत आपल्या जोडीकडे येऊ. पुढे ॲम्प्लिफायर आणि स्पीकर वेगवेगळे विकले जाऊ लागले. एका कंपनीचा हा, दुसरीचा तो. जोडी जमवायचं काम कारखान्यातून निघून घेणाऱ्याच्या गळ्यात पडलं. काचेच्या व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर होते तोवर त्यांच्या पाठीला 4, 8 आणि 16 ओहम अशा वेगळ्या जागा असत. स्पीकरवर जो आकडा असेल, त्या जागी तार लावायची.

1947 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर तयार झाला आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्याने व्हॉल्व्हची जागा घेतली. यंत्र हलकं झालं, स्वस्त झालं. पण पाठीवरच्या त्या वेगळ्या जागा गेल्या. आता स्पीकरचा ओहम जितका कमी, तितका करंट तो ओढतो आणि ॲम्प्लिफायर तितका तापतो.

हे आम्हाला विहिरीच्या मोटरीवरून पटकन समजलं. पाइपाचा कॉक पूर्ण मोकळा सोडला की पाणी भसाभसा येतं, पण मोटर लोड घेते, अँपिअर वाढतात. म्हणून जाणता माणूस कॉक थोडा आवळतो. ओहम म्हणजे तो आवळलेपणा. 8 ओहमचा स्पीकर म्हणजे आवळलेला कॉक, 3 ओहमचा म्हणजे सताड उघडा. आमचा रिसीव्हर 6 च्या खाली चालण्यासाठी बनलेलाच नव्हता. जळू नये म्हणून तो स्वतःच बंद होत होता. आम्ही त्याला नाव ठेवत होतो आणि तो बिचारा स्वतःला वाचवत होता.

यात वॅटचा गोंधळ वेगळाच. अमेरिकेत कंपन्या जाहिरातीत वाटेल तेवढे वॅट सांगू लागल्या, तेव्हा 1974 मध्ये तिथल्या सरकारी व्यापार आयोगाला ॲम्प्लिफायरची ताकद कशी मोजून सांगायची याचा नियम करावा लागला. आपल्या बाजारात खोक्यावर 'पीएमपीओ 5000 वॅट' असं लिहिलेलं असतं. तो आकडा मोजण्याची काही ठरलेली रीत नाही, म्हणून त्यावर विसंबायचं नाही. बघायचा तो 'आरएमएस' हा आकडा. यंत्र सलग किती ताकद देतं हे तो सांगतो.

पाच-सहा स्पीकर घरात कसे आले, त्यातही आपल्या देशाचा एक धागा आहे. रे डॉल्बी नावाचे अमेरिकन इंजिनिअर 1963 ते 1965 भारतात सल्लागार म्हणून काम करत होते. इथून जाऊन 1965 मध्ये त्यांनी लंडनला आपली प्रयोगशाळा काढली. सिनेमाचा आवाज समोरून, बाजूंनी आणि मागून यावा, हे तंत्र त्यांच्या कंपनीने थिएटरात रुजवलं. 1982 मध्ये 'डॉल्बी सराउंड' घरापर्यंत आलं आणि 1990 नंतर डीव्हीडीबरोबर पाच स्पीकर व एक बेसचा डबा ही मांडणी पसरली. तिलाच 5.1 म्हणतात. एका डब्यात आता पाच ॲम्प्लिफायर आले, आणि जोडी जमवायची ती एकदम पाचांशी.

यातून सुटका म्हणून कंपन्यांनी अख्खा संच एका खोक्यात विकायला सुरुवात केली. म्हणजे परत 1926 चीच रीत. त्या संचाचे स्पीकर पुष्कळदा 3 किंवा 4 ओहमचे असतात, कारण त्यांचा डबा तसाच बनवलेला असतो. संच आहे तोवर उत्तम. त्यातले स्पीकर काढून दुसऱ्या रिसीव्हरला लावले की आमच्यासारखी गत होते.

मैत्रिणींनो, गटासाठी किंवा घरासाठी असं काही घ्यायचं असेल तर दुकानात चार गोष्टी विचारा.

पहिली, ओहम. रिसीव्हरच्या पाठीवर जो कमीत कमी आकडा आहे, त्याहून स्पीकरचा आकडा कमी नको. एकाच जागेवर दोन स्पीकर शेजारी शेजारी जोडले तर ओहम निम्मा होतो. 8 चे दोन लावले की ते 4 होतात, हे विसरू नका.

दुसरी, आरएमएस वॅट, आणि तेही पाचही स्पीकर चालू असताना. पुष्कळदा एक किंवा दोनच चालवून मोजलेला आकडा मोठ्या अक्षरात छापतात.

तिसरी, स्पीकरची संवेदनशीलता. ती डेसिबलमध्ये लिहितात. 87 ऐवजी 90 डेसिबलचा स्पीकर घेतला तर तेवढ्याच आवाजाला निम्मे वॅट पुरतात. निर्धूर चुलीत तेवढ्याच भाकरी कमी सरपणात होतात, तसंच हे.

चौथी, खोली केवढी आणि माणसं किती. छोटा ॲम्प्लिफायर मोठ्या जागेत बटण पूर्ण फिरवून चालवला की आवाज फाटतो, आणि त्या फाटक्या आवाजाने बारीक सुराचा छोटा स्पीकर जळतो. कमी ताकदीनेही स्पीकर जळतो, हे आम्हाला खरंच वाटत नव्हतं.

आमचं पुढे काय झालं? मासिक बैठकीत आम्ही चूक जशी झाली तशी सांगितली. रिसीव्हर शाबूत होता. जुने स्पीकर ताईंना परत केले. बैठकीने समोरचे दोनच स्पीकर घ्यायला मंजुरी दिली, 8 ओहमचे आणि 90 डेसिबलचे. साठ बायकांच्या खोलीला ते पुरतात. मागचे तीन पुढे जमेल तेव्हा. दुकानात आमच्या कोषाध्यक्ष ताईंनी स्पीकर उलटा करून आकडा वाचला, तेव्हा दुकानदार जरा थांबला आणि मग नीट उत्तरं देऊ लागला.

महिला दिनाला तीच फिल्म परत लावली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. डबा कोमट होता. रिसीव्हरचा आणि स्पीकरचा आकडा आम्ही ठरावबहीत लिहून ठेवला आहे. पुढच्या पदाधिकाऱ्यांना कुणी जुने स्पीकर आणून दिले, तर त्यांनी आधी ते पान उघडावं.